घरच्या सर्व्हरवरचं उबुंटू २०.०४ थेट २४.०४ वर नेता येतं का?

थेट नाही. एका एलटीएसवरून (दीर्घ सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्तीवरून) पुढच्याच एलटीएसवर जाता येतं, मधली गाळता येत नाही. म्हणजे २०.०४ वरून २२.०४ आणि तिथून २४.०४. पण तुमची खरी अडचण उबुंटूची नाहीच, नेक्स्टक्लाउडची (फोटो-फाईली साठवणाऱ्या घरच्या क्लाउडची) आहे, आणि ती तुम्ही प्रश्नात अर्ध्या ओळीत उरकली आहे.

तुमची मांडणी मला समजली ती अशी: दांडिया बाजारातल्या घरी तळमजल्यावर जुना डेस्कटॉप, त्यात १२० जीबीची एसएसडी आणि ४ टीबीची हार्ड डिस्क. एसएसडीवर उबुंटू सर्व्हर २०.०४, अपाचे (वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस), नेक्स्टक्लाउड २३, जेलीफिन (व्हिडिओ बघायला) आणि साम्बा (घरच्या नेटवर्कवर फाईली वाटायला). फोटो-व्हिडिओ मोठ्या डिस्कवर. लॉगिन केलं की सपोर्ट संपल्याचा संदेश येतो, म्हणून विचारताय की अपग्रेड करू की सगळं पुसून नव्याने टाकू. मीही बडोद्याचाच, माझ्याकडेही जवळपास हाच जुगाड चालतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.

आधी घाई काढून टाका. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला हे खरं, पण उबुंटू प्रो घरगुती वापरासाठी ५ मशीनपर्यंत फुकट आहे आणि त्यात २०.०४ ला २०३० पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. खातं काढा, टोकन घ्या, 'प्रो अटॅच' करा, पाच मिनिटांचं काम. हे आजच करा. मग अपग्रेड कधी करायचं ते तुम्ही ठरवाल, तो संदेश नाही. गणपतीच्या तोंडावर तर मुळीच नको. घरात पाहुणे, प्रत्येकाला आरतीचे व्हिडिओ त्याच सर्व्हरवर टाकायचे, आणि तुम्ही पडद्यावर लाल अक्षरं बघत बसलेले.

आता नेक्स्टक्लाउड. त्याचा नियम आणखी कडक आहे: मोठी आवृत्ती एका वेळी एकच चढायची. २३ वरून २४, २४ वरून २५, असं. शिवाय प्रत्येक आवृत्तीला ठरावीक पीएचपी (नेक्स्टक्लाउड ज्या भाषेत लिहिलाय ती) लागतो, आणि पीएचपी येतो उबुंटूबरोबर. २०.०४ मध्ये पीएचपी ७.४ आहे, २२.०४ मध्ये ८.१, २४.०४ मध्ये ८.३. नेक्स्टक्लाउड २३ ला ७.४ किंवा ८.० चालतो, पण ८.१ चालत नाही. म्हणजे उत्साहाच्या भरात आधी उबुंटू २२.०४ वर नेलंत, तर सर्व्हर छान सुरू होईल आणि नेक्स्टक्लाउड दार बंद करून बसेल. आणि तो बंद असताना त्याचा स्वतःचा अपडेटर चालवणं म्हणजे डोकेदुखी.

हे दोन जिने शेजारी-शेजारी आहेत आणि चढायचं आलटून-पालटून आहे. तुमच्यासाठी क्रम असा बसतो. २०.०४ वर असतानाच नेक्स्टक्लाउड २३ च्या शेवटच्या छोट्या आवृत्तीवर आणा, मग २४, मग २५. २५ हा मधला सांधा आहे: तो ७.४ वरही चालतो आणि ८.१ वरही. २६ ला मात्र किमान ८.० लागतो, त्यामुळे २०.०४ वर तुमची मजल २५ पर्यंतच. तिथे थांबून उबुंटू २२.०४ वर न्या. आता पीएचपी ८.१ मिळाला, तर नेक्स्टक्लाउड २६, २७, २८ असं वर चढा. २८ हा दुसरा सांधा, कारण ८.३ चालवणारी ही पहिली आवृत्ती. २७ वर असताना २४.०४ ला हात लावलात तर पुन्हा तीच गत. २८ झाला की उबुंटू २४.०४, आणि त्यानंतर नेक्स्टक्लाउडच्या पुढच्या आवृत्त्या सावकाश, एकेक करून.

प्रत्येक टप्प्यावर एकदा वेब पानात लॉगिन करून बघा, फोनवरून एक फोटो चढवा, प्रशासनाच्या पानावर डेटाबेसचे इंडेक्स कमी असल्याची सूचना असेल तर ओसीसीने (नेक्स्टक्लाउडच्या कमांडने) ते घालून घ्या. कॅलेंडर, नोट्स अशी ॲप्स आवृत्ती बदलली की कधीकधी बंद पडतात. ती पुन्हा चालू करावी लागतात, त्यांचा डेटा जात नाही.

"मग सगळं पुसून सरळ २४.०४ टाकतो" असं तुम्ही म्हणाल. टाकता येईल, पण तुमचा नेक्स्टक्लाउड २३ तिथल्या ८.३ वर चालणारच नाही, म्हणजे जुना डेटाबेस तिथे नेऊन काही उपयोग नाही. फक्त फोटोंच्या फाईली हव्या असतील, शेअर केलेल्या लिंका, अल्बम, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स सोडून द्यायची तयारी असेल, तर नवं कोरं इन्स्टॉलेशन हा सगळ्यात स्वच्छ मार्ग आहे. घरातल्या मंडळींना मात्र आधी विचारा. आईने पाच वर्षं त्यात वाढदिवस आणि श्राद्धाच्या तिथ्या भरल्या असतील तर "स्वच्छ" या शब्दावर घरात वेगळी चर्चा होईल. डॉकरमध्ये (ॲप त्याला लागणाऱ्या गोष्टींसकट वेगळ्या डब्यात चालवायची सोय) नेक्स्टक्लाउड नेला तर पीएचपीची ही कटकट उबुंटूपासून सुटते, कारण प्रत्येक इमेज आपला पीएचपी बरोबर घेऊन येते. मला तो मार्ग पटतो, पण तो स्थलांतराचा वेगळा दिवस आहे. ऑपरेटिंग सिस्टिम आणि ॲप्लिकेशनची मांडणी एकाच रविवारी बदलली, तर बिघाड कुठला कशामुळे ते सापडत नाही.

माझा कौल: जागेवरच अपग्रेड, पण चालू एसएसडीवर नाही. बाजारात २४० जीबीची साधी साटा एसएसडी फार महाग नाही. ती आणा, क्लोनझिला (डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवर टाका, आणि जुन्या एसएसडीची हुबेहूब प्रत नवीवर काढा. मग जुनी काढून ड्रॉवरमध्ये ठेवा आणि पुढचा सगळा खेळ नवीवर करा. काहीही बिघडलं तरी स्क्रू काढून जुनी लावली की तुम्ही होता तिथे. कुठल्याही बॅकअप सॉफ्टवेअरने इतकी शांत झोप लागत नाही. फक्त दोन्ही एसएसडी एकाच वेळी मशीनला जोडून सुरू करू नका; क्लोन केल्यावर दोघींचा यूयूआयडी (मशीन डिस्क ओळखते तो क्रमांक) एकच असतो, आणि मशीन नेमकी कुठलीवर चालू झाली याचा भरवसा राहत नाही.

यात एक खाच आहे. नेक्स्टक्लाउडचा डेटाबेस एसएसडीवर आणि फाईली मोठ्या डिस्कवर. अपग्रेडनंतर कोणी नवे फोटो चढवले आणि मग तुम्ही जुन्या एसएसडीवर परत आलात, तर फाईली डिस्कवर असतील पण जुन्या डेटाबेसला त्यांची खबर नसेल. ओसीसीच्या फाइल्स स्कॅनने त्या सापडतात, तरी त्यापेक्षा सगळं तपासून होईपर्यंत घरच्यांना "काही चढवू नका" असं सांगून ठेवणं सोपं. मेंटेनन्स मोड त्यासाठीच आहे. डेटाबेसची वेगळी डंप फाईलही (आतल्या सगळ्या माहितीची प्रत) काढा, कारण मारियाडीबी २०.०४ मध्ये १०.३, २२.०४ मध्ये १०.६ आणि २४.०४ मध्ये १०.११ आहे, एकदा वर गेली की त्याच फाईलींवर खाली आणायची सोय नाही.

४ टीबीच्या डिस्कची दुसरी प्रत नसेल तर वरचं काहीही सुरू करू नका. आणि ती प्रत त्याच टेबलावर नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात कुठवर आलं ते तुम्ही पाहिलं असेल. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच्याच शेजारी ठेवलेली बॅकअप डिस्क एकत्रच भिजतात. एक प्रत वरच्या मजल्यावर, एक जमलं तर पुण्यातल्या भावाकडे किंवा अलकापुरीत उंचावरच्या फ्लॅटमधल्या मित्राकडे. खरं तर सर्व्हरच वर हलवा, पण तो तुमच्या घरातल्या वायरिंगचा प्रश्न आहे.

अपग्रेडच्या दिवशी मशीनला मॉनिटर आणि कीबोर्ड लावा. 'डू-रिलीज-अपग्रेड' (अपग्रेडची कमांड) दुरून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून) चालवता येतं, तो सगळं 'स्क्रीन' नावाच्या, जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या सत्राच्या आत चालवतो आणि १०२२ पोर्टवर जादा एसएसएचही उघडून ठेवतो, पण नव्या कर्नलनंतर (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) नेटवर्क कार्डाचं नाव बदललं तर नेटप्लॅनमधल्या (नेटवर्कच्या सेटिंगमधल्या) जुन्या नावाला पत्ता मिळत नाही आणि तुम्ही बाहेरच राहता. नेटप्लॅनमध्ये आधीच मॅक पत्त्यावरून ओळख लिहून ठेवली तर हा धोका टळतो. राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग तेवढा वेळ बंद ठेवा. यूपीएसच्या बॅटरीचं वय आठवून बघा. पॅकेजं उलगडत असताना वीज गेली तर निस्तरता येतं, पण ती संध्याकाळ त्यातच जाते.

सुरू करण्यापूर्वी २०.०४ पूर्ण अपडेट करून एकदा रीस्टार्ट. एफएसटॅबमध्ये (कुठल्या डिस्क जोडायच्या ती यादी असलेल्या फाईलमध्ये) मोठ्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' घाला, नाहीतर डिस्क एखाद्या वेळी उशिरा जागी झाली की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकते. अपग्रेडर बाहेरची सगळी भांडारं (सॉफ्टवेअर जिथून उतरतं त्या जागा) बंद करतो, तुमच्याकडे त्यात जेलीफिन आलं. मध्येमध्ये तो विचारेल की अमुक कॉन्फिग फाईल तुम्ही बदललेली आहे, नवी ठेवू की जुनी. साम्बाची आणि अपाचेच्या साइटची जुनीच ठेवा. नवी शेजारी वेगळ्या नावाने पडलेली राहते, ती नंतर सवडीने ताडून बघा. डाउनलोड सुरू झालं की जाऊन शेव-उसळ खाऊन या, पण पॅकेजं बसायला लागली की जागेवर असा, कारण हे प्रश्न तेव्हाच येतात आणि उत्तर मिळेपर्यंत तो तसाच थांबून राहतो.

२२.०४ वर पोचल्यावर बहुतेकांची गाडी पीएचपीच्या सेटिंगवर अडते. ७.४ ची पीएचपी.इनी तिच्या जुन्या फोल्डरमध्येच राहते, ८.१ साठी नवी कोरी फाईल येते. तुम्ही मेमरी लिमिट ५१२ एमबी केली असेल, ओपीकॅश (पीएचपी कोडची कॅश) वाढवला असेल, तर ते सगळं पुन्हा लिहायचं. एपीसीयू (पीएचपीची आणखी एक कॅश) वापरत असाल तर कमांड लाइनसाठीची 'ईनेबल सीएलआय' ओळही पुन्हा घालायची, नाहीतर ओसीसी आणि मागे चालणारी क्रॉनची कामं दोन्ही रुसतात. एक्स्टेन्शन्स तेव्हा ७.४ नावासकट टाकली असतील तर ८.१ ची वेगळी टाकावी लागतील. अपाचेत जुनं पीएचपी मॉड्यूल बंद करून नवं चालू केलंय ना ते बघा. पानाऐवजी पीएचपीचा कोड दिसला तर गोम तिथेच आहे. २४.०४ ला गेल्यावर हेच सगळं ८.३ साठी परत.

जेलीफिनच्या सोर्स फाईलमध्ये 'फोकल' (२०.०४ चं नाव) आहे तिथे 'जॅमी' (२२.०४) करा, पुढच्या टप्प्यात 'नोबल' (२४.०४), आणि भांडार पुन्हा चालू करा. जुन्या फोनवरचं एखादं फोटो-बॅकअप ॲप एसएसएचने जोडत असेल आणि अचानक नकार यायला लागला, तर २२.०४ मधल्या ओपनएसएसएचने जुनी शा-१ सही नाकारलेली असते. ॲप अद्ययावत करा, सर्व्हरवर ती जुनी पद्धत उघडू नका. पिपने (पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या कमांडने) टाकलेल्या पायथन स्क्रिप्ट्स असतील तर २४.०४ वर पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकू देत नाही, व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करावं लागेल.

दोन्ही उड्या एकाच दिवशी मारू नका. २२.०४ आणि नेक्स्टक्लाउड २८ वर आठवडाभर घर नीट चालू द्या, मग पुन्हा त्या वेळच्या एसएसडीची प्रत काढून २४.०४. २२.०४ ला २०२७ पर्यंत सपोर्ट आहे, तिथे थांबलात तरी कोणी रागावणार नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नावरून कळत नाही: '/बूट' (मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाईलींचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर आहे का. इन्स्टॉल करताना एन्क्रिप्शन निवडलं असेल तर असतं, आणि त्यात जुने कर्नल साचलेले असले की अपग्रेडर जागा नाही म्हणून सुरुवातीलाच थांबतो. 'डीएफ -एच' चा (कुठे किती जागा उरली ते दाखवणाऱ्या कमांडचा) निकाल इथे खाली टाका, किती जुने कर्नल काढायचे ते सांगतो.