मागून उगवलेली मिरचीची रोपे थंडीतून कशी वाचवावीत?

प्रश्न (निफाड तालुक्यातील एक शेतकरी ताई): परसात नोव्हेंबरच्या सुरुवातीला मिरचीचं बी टाकलं. निम्मं वेळेवर उगवलं, निम्मं आता डिसेंबरात वर येतंय. रोपं दोन-चार पानांवर आहेत. कडाक्याची थंडी पडणार म्हणतात. काढून घेऊ की झाकून ठेवू?

उत्तर: ताई, रोपं काढून पिशव्यांत घ्या, आणि थंडी पडायची वाट पाहू नका. बी मागून उगवलं यात बियाण्याचा दोष असेलच असं नाही. मिरचीच्या बियाला जमिनीत 25 ते 30 अंश ऊब लागते; माती गार झाली की ते रेंगाळतं. रात्रीचा पारा 10 अंशांखाली गेला की रोपाची वाढ थांबते, आणि दहिवर गोठलं तर कोवळं रोप एका रात्रीत काळं पडतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीलगतचा गारठा बातम्यांतल्या आकड्यापेक्षाही जास्त असतो. तुमची रोपं नेमकी त्याच उंचीवर आहेत.

आधी निवड करा. पानं आकसलेली, चुरडामुरडा दिसणारी रोपं घेऊ नका. ती घरात आणली तर त्यांच्यावरची पांढरी माशी आणि फुलकिडे चांगल्या रोपांवर जातील. निरोगी रोप मात्र कितीही बुटकं असलं तरी सोडू नका.

दुपारी माती कोमट असताना काम करा. दोन तास आधी वाफ्याला हलकं पाणी द्या. खुरपी रोपापासून चार बोटं लांब खुपसून मुळांभोवतीच्या मातीच्या हुंडीसकट रोप उचला. दोन पानांवरची रोपं एकेक सुटी करू नका, मातीची वडीच उचला. हाताळताना पानाला धरा, खोडाला नको. पान गेलं तर दुसरं येतं, खोड चिरडलं तर रोपच गेलं. तळाला भोकं पाडलेल्या 4 बाय 6 इंचाच्या पिशवीत दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू भरा. रोप वाफ्यात होतं तेवढंच खोल लावा. टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात म्हणून तो खोल लावला तरी चालतो. मिरचीचं तसं नाही.

पहिले दोन-तीन दिवस सावली, मग दिवसा घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीबाहेर ऊन आणि रात्री ओसरीत किंवा गोठ्यात. पाणी सकाळी, विहिरीचं ताजं, तेही वरची माती सुकल्यावरच. गारठ्यात ओल राहिली की रोपं बुडापासून कोलमडतात. पानं जांभळट दिसली तर युरिया टाकू नका. थंड मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, ऊब मिळाली की रंग परततो.

वाफ्यात जी रोपं उरतील त्यांच्यावर काटक्यांच्या कमानी करून गोणपाट किंवा जुनं धोतर टाका. दिवस मावळायच्या आधी टाका, म्हणजे जमिनीची ऊब आत राहील. कापड पानांना टेकू देऊ नका, आणि ऊन आलं की काढून घ्या.

रात्रीचा पारा 15 अंशांवर टिकू लागला, बहुधा फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये, की आठवडाभर रोपं रात्रीही बाहेर राहू द्या. मग पाच-सहा पानांवरची रोपं 60 बाय 45 सेंटिमीटरवर लावा.