अलिप्त, अलगाववादी की आणखी काही?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतले राजकारणी रॉन पॉल यांच्यावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना तुम्ही लिहिलंत, 'रॉन पॉल यांच्या अलिप्ततावादी परराष्ट्र धोरणाला माजी गुप्तहेरांचा पाठिंबा'. मूळ शब्द 'नॉन-इंटरव्हेन्शनिस्ट', म्हणजे दुसऱ्या देशांत हस्तक्षेप नको म्हणणारा. तुमचे मित्र म्हणतात, 'अलगाववादी' लिहा. यातलं बरोबर काय, आणि त्याच लेखातल्या 'ब्लोबॅक'चं (आपलीच गुप्त कारवाई पुढे आपल्यावर उलटणं) काय करायचं?

मित्राचा शब्द आधी बाजूला ठेवू. 'अलगाववादी' हिंदीतून आलाय आणि हिंदीत त्याचा अर्थ फुटीर. 'अलगाववादी नेते' म्हटलं की वाचकासमोर काश्मीर उभं राहतं, टेक्सासचा खासदार नव्हे. शिवाय पॉल यांच्यावर 'आयसोलेशनिस्ट' हा शिक्का विरोधक मारत आणि ते तो दर वेळी झटकत. त्यांचं म्हणणं असं की व्यापार करा, ये-जा ठेवा, फक्त फौजा पाठवू नका. दारं-खिडक्या लावून बसणारा माणूस वेगळा. त्याला मराठीत 'विलगतावादी' म्हणता येईल. करोनानंतर 'विलगीकरण' ऐकलं की आपल्याला वेगळंच आठवतं, त्याला इलाज नाही.

'अलिप्ततावादी'ची गोष्ट गुंतागुंतीची आहे. शब्द सुंदर आहे. लिंपणे, लेप, लिपी हे सगळं एकाच कुळातलं; ज्याला काही चिकटलेलं नाही तो अलिप्त. पण मराठीत ही जागा भरलेली आहे. हिंदीने 'गुटनिरपेक्ष' घडवला, आपण 'अलिप्त' घेतला आणि १९६१ च्या बेलग्रेड परिषदेपासून 'अलिप्त राष्ट्र' म्हणजे नेहरू, नासेर, टिटो हे समीकरण पक्कं झालं. त्यात अलिप्तता आहे ती लष्करी गटांपासून. दुसऱ्याच्या घरात शिरायचं की नाही, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. १९७१ मध्ये भारताने पूर्व पाकिस्तानात सैन्य पाठवलं, १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना पाठवली, आणि दोन्ही वेळा भारत अलिप्त राष्ट्रच होता.

तुमच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. इतिहासाच्या मराठी पुस्तकांत पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेचं 'अलिप्ततेचं धोरण' सर्रास येतं, म्हणजे तुम्ही शब्द हवेतून काढलेला नाही. आणि पॉल यांना नाटोतूनही बाहेर पडायचं होतं, म्हणजे तेवढ्यापुरते ते खरोखरच अलिप्त. ते वारसा सांगायचे जेफरसन यांच्या १८०१ च्या पहिल्या अध्यक्षीय भाषणाचा: सगळ्यांशी शांतता, व्यापार आणि मैत्री, पण पायात बेडी होणारे तह कुणाशीच नकोत. यातला शेवटचा तुकडा अलिप्ततेचाच आहे. तरीही २००८ आणि २०१२ च्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीत त्यांचा मुख्य मुद्दा तह हा नव्हता. मुद्दा होता इराकमधलं सैन्य, परदेशांतले तळ आणि दुसऱ्यांची सरकारं पाडण्याची सवय.

म्हणून माझं मत 'अहस्तक्षेप'. भारत-चीन करारातल्या पंचशीलामुळे (१९५४) 'परस्परांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे' ही शब्दयोजना आपल्या ओळखीची आहे. अर्थशास्त्राच्या मराठी परिभाषेत 'निर्हस्तक्षेप' हा जुळा भाऊही आहे: सरकारने बाजारात हात घालू नये, या विचारासाठी. पॉल त्याही विचाराचे कट्टर समर्थक, त्यामुळे त्यांना दोन्ही भाऊ शोभतात, पण अनुवादात ते वेगळे ठेवा. 'तटस्थ' मात्र नको. खर्ड्याच्या लढाईत (१७९५) निजामाला मदत नाकारणाऱ्या इंग्रज गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरच्या धोरणाला आपण तटस्थतेचं म्हणतो ते योग्यच, कारण तिथे दोघे लढत होते आणि तिसरा काठावर उभा होता. पॉल यांचा आक्षेप मुळात लढाई उकरून काढण्यालाच होता.

'हस्तक्षेप' हा शब्द मात्र फार सभ्य आहे. हस्तक्षेप करणारा म्हणतो, आम्ही हात दिला. ज्याच्याकडे झाला तो म्हणतो, यांनी हात घातला. पॉल आणि त्यांचे पाठीराखे जे बोलत होते त्याचा सूर 'ढवळाढवळ', 'नसती उठाठेव' असा होता. भाषणाचा अनुवाद असेल तर मी बेधडक 'ढवळाढवळ' लिहीन; बातमी असेल तर 'हस्तक्षेप', कारण बातमीने बाजू घेऊ नये. आणि 'अहस्तक्षेपवादी' हे सात अक्षरी प्रकरण टाळता आलं तर टाळाच. मराठीला क्रियापद आवडतं: 'दुसऱ्या देशांच्या भानगडीत पडू नये, असं मानणारे'.

आता 'ब्लोबॅक'. १५ मे २००७ ला साउथ कॅरोलिनात रिपब्लिकन उमेदवारांची वादचर्चा झाली. ११ सप्टेंबरचा हल्ला आपण तिकडे जे करत आलो त्यातून आला, असं पॉल म्हणाले. हल्ल्याच्या वेळी न्यूयॉर्कचे महापौर असलेले जूलियानी उसळले आणि त्यांनी शब्द मागे घ्यायला सांगितलं. पॉल यांनी घेतले नाहीत; उलट इराणचा दाखला देत हाच शब्द वापरला. नऊ दिवसांनी वॉशिंग्टनच्या पत्रकार परिषदेत त्यांनी जूलियानींसाठी वाचायच्या पुस्तकांची यादीच आणली. शेजारी होते मायकल शॉयर, सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या बिन लादेन पथकाचे पहिले प्रमुख. (२०१२ च्या वेळीही शॉयर यांनी पॉल यांना जाहीर पाठिंबा दिला. पुढे त्यांची मतं फारच टोकाला गेली, पण तो आपला विषय नाही.)

हा शब्द सीआयएच्याच घरचा. १९५३ मध्ये इराणच्या मोसाद्दिक यांचं सरकार उलथवल्यावर पुढच्या वर्षी संस्थेने त्या कारवाईचा अंतर्गत वृत्तान्त लिहिला, त्यात तो सापडतो. साध्या 'परिणामा'पेक्षा यात एक गोम आहे: मूळ कृत्य गुप्त असतं, त्यामुळे फटका बसतो तेव्हा सामान्य नागरिकाला तो अकारण वाटतो. वर्तमानपत्रं इथे 'भस्मासुर' आणतात. पण शंकराने वर उघडपणे दिला होता. भस्मासुर कुठून आला हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'पेराल तसे उगवेल'मध्येही लपवाछपवी नाही.

मला जवळचा वाटतो तो कोकणातला प्रयोग: मूठ उलटणे. करणीची मूठ मारतात ती चोरून, मारणारा गावात साळसूदपणे वावरत असतो, आणि ती उलटली की त्याच्या घरातल्यांना कळत नाही हे कुठून आलं. तंतोतंत 'ब्लोबॅक'. अग्रलेखात खपेल, सरळ बातमीत 'अंगाशी येणे' किंवा 'प्रतिघात' पुरे.

राहिले 'माजी गुप्तहेर'. शॉयर विश्लेषक होते, वेश पालटून फिरणारे नव्हेत. २००८ मध्ये पॉल यांचे परराष्ट्र धोरणविषयक सल्लागार असलेले फिलिप जिराल्डी परदेशांत नेमणुकीवर होते, पण असा अधिकारी हेर नेमतो आणि सांभाळतो. हेर म्हणजे त्याने फोडलेला स्थानिक माणूस. आपल्याकडे 'राज्य गुप्तवार्ता विभाग' आहेच, तिथला शब्द घ्या. मग तुमचं वाक्य असं होईल: 'परक्या देशांत हस्तक्षेप नको, या रॉन पॉल यांच्या भूमिकेला माजी गुप्तवार्ता अधिकाऱ्यांचा पाठिंबा'. मथळ्यासाठी लांब वाटलं तर 'परक्या' काढा, चालेल.