‘तक्रार करणार नाही’ हे कलम वगळूनच सही करा

प्रश्न : आमची गृहनिर्माण संस्था सोलापूरच्या पूर्व भागात, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना लागून आहे. नळाला रोज पाणी येत नसल्याने आम्ही बोअरवर अवलंबून आहोत. गेल्या उन्हाळ्यापासून ते पाणी तांबूस येते आणि त्यात धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना रंग धरतो. शेजारच्या डाईंगवाल्यांनी (कापड रंगवणाऱ्या कारखानदारांनी) एकत्र येऊन कराराचा मसुदा पाठवला आहे. ते आरओ बसवून देतील व दर तीन महिन्यांनी पाणी तपासणीचा खर्च करतील. बदल्यात संस्था आणि सभासद कोणत्याही कार्यालयात वा न्यायालयात तक्रार करणार नाहीत. आमच्यातील निम्मी घरे याच कारखान्यांवर चालतात. सही करावी का?

उत्तर : करार करण्यास माझी हरकत नाही, उलट तो व्हावा असेच मी म्हणेन, मात्र तक्रारबंदीचे कलम काढल्याशिवाय सही करू नये. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 28 नुसार, आपले हक्क न्यायालयामार्फत बजावण्यास पूर्ण मनाई करणारा करार त्या मर्यादेत निरर्थक ठरतो आणि कलम 23 नुसार सार्वजनिक हिताला बाधक हेतू बेकायदेशीर असतो. प्रदूषणरहित पाणी हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य (1991) या निकालात म्हटले आहे आणि मूलभूत हक्क सही करून सोडून देता येत नाहीत, हे मुंबईच्या पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस प्रकरणातही (1985) स्पष्ट झाले आहे. मग तक्रारबंदीचे हे निरर्थक कलम करारात राहिले तर बिघडले कुठे, असे कोणी विचारेल. बिघडते ते व्यवहारात. उद्या एखाद्या सभासदाने अर्ज केला की हाच कागद पुढे करून त्याला गप्प बसवले जाईल आणि ज्याच्या घरातले कोणी त्याच कारखान्यात कामाला आहे, तो बहुधा गप्प बसेलही.

बोअरचे पाणी म्हणजे नदी-नाला नव्हे, असा युक्तिवाद समोरून येऊ शकतो; तो टिकणारा नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 मधील प्रवाहाच्या व्याख्येत भूगर्भातील पाणीही येते आणि कलम 24 प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर प्रदूषक द्रव्य सोडण्यास मनाई करते. कलम 25 खाली सांडपाणी सोडण्यासाठी दिलेल्या संमतिपत्रांची नोंदवही, त्या सांडपाण्याने बाधित झालेल्या व्यक्तीला पाहता येते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापुरातील उपप्रादेशिक कार्यालयात जाऊन, करारात नावे असलेल्या प्रत्येक कारखान्याला किती सांडपाणी, कशी प्रक्रिया करून व कुठे सोडण्याची मुभा आहे, हे आधी लिहून घ्या. त्यावाचून वाटाघाटीला बसणे म्हणजे माप न घेता कापड फाडणे.

आता करारात काय हवे ते पाहू. आरओमुळे पिण्याचा प्रश्न हलका होईल, पण रंग जमिनीत जाणे थांबणार नाही. शिवाय आरओतून बाहेर पडणारे जास्त क्षारांचे पाणी कुठे सोडणार, हे मसुद्यात नमूद केलेले दिसत नाही. ते पुन्हा आपल्याच आवारात मुरले तर एका दाराने काढलेले दुसऱ्या दाराने घरात येईल. म्हणून कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया संयंत्र नियमित चालवण्याची व त्याच्या विजेच्या मीटरची नोंद दाखवण्याची हमी, संस्थेच्या दोन प्रतिनिधींना महिन्यातून एकदा प्रवेश, आणि सांडपाणी व बोअर या दोहोंचे नमुने एकाच दिवशी घेण्याची तरतूद आग्रहाने घाला. रंगकामात मीठ भरपूर लागते, तेव्हा केवळ रंग पाहून भागणार नाही. एकूण विरघळलेले क्षारही मोजावेत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 10500 मध्ये त्यांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत सवलत आहे.

असा दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेला नमुना परस्पर विश्वासापुरता असतो. जल अधिनियमाखालील खटल्यात कारखान्याच्या सांडपाण्याचा पुरावा म्हणून मंडळाने कलम 21 प्रमाणे घेतलेलाच नमुना चालतो : कारखानदाराला जागेवर नोटीस, नमुन्याचे दोन भाग, मोहोरबंद बाटल्यांवर दोघांच्या सह्या. पर्यावरणविषयक वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणावर पुरावा कायद्याचे नियम बंधनकारक नसल्याने तेथे तुमच्या अहवालांना जागा मिळू शकते.

सर्वांत निकडीची बाब मुदतीची आहे. न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यातील कलम 14 खालचा, म्हणजे पर्यावरणविषयक वाद सोडवण्यासाठीचा, अर्ज वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, पुरेसे कारण असल्यास आणखी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात आणि बोलणी चालू आहेत म्हणून हे घड्याळ थांबत नाही. आपण ‘गेल्या उन्हाळ्यापासून’ असे लिहिले आहे. ही मुदत संपली असण्याची शक्यता मी गृहीत धरतो. तरीही कलम 15 खाली नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करून मिळण्यासाठी पाच वर्षे असतात व कलम 18 नुसार संस्थेलाही अर्ज करता येतो. पाण्याचा रंग पहिल्यांदा कधी दिसला, हे टँकरच्या पावत्या व सभेच्या इतिवृत्तांवरून आजच निश्चित करा.

अध्यक्षांनी सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय सही करू नये. ठरावात आणि करारातही ‘सभासदांचे सर्व कायदेशीर हक्क अबाधित राखून’ हे शब्द असावेत. कारखानदारांना ‘या करारामुळे दोष मान्य केला असे समजू नये’ असे वाक्य हवे असेल तर ते खुशाल द्यावे. भविष्यातील विस्ताराला ‘ना हरकत’ देण्याचे कलम मागाहून घुसवले जाते, त्यावर नजर ठेवा. तक्रारबंदी वगळण्यास ते तयार नसतील, तर करार बाजूला ठेवून मंडळाकडे कलम 21 प्रमाणे नमुने घेण्याची लेखी मागणी करावी आणि तिची पोच घ्यावी.