आशाताईंचं प्रशिक्षण आणि एआय : तुमचे प्रश्न

प्रश्न : आशांच्या (गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या) उजळणी प्रशिक्षणासाठी जुलाबावरचं टिपण एआयकडून मराठीत करून घेतलं आहे. भाषा छान उतरली आहे. वाटण्याआधी नेमकं काय तपासू? (गटप्रवर्तक, नाशिक जिल्हा)

उत्तर : भाषा छान आहे, तिथंच सांभाळायला हवं. गुळगुळीत वाक्यातली चूक नजरेला टोचत नाही. म्हणून आधी फक्त आकडे बघा. लाल पेनानं प्रत्येक आकड्याभोवती गोल करा आणि शेजारी आशा मॉड्यूलमधलं, म्हणजे आशांच्या प्रशिक्षण पुस्तिकेतलं, पान लिहा. ज्याला पान सापडत नाही तो आकडा खोडा, बरोबर वाटला तरी.

जुलाबात द्यायच्या झिंकच्या गोळीचंच घ्या. आपल्या कार्यक्रमात २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, पुढे ५ वर्षांपर्यंत २० मिलिग्रॅम, आणि दोन्हींना १४ दिवस. एआयच्या टिपणात ‘१० ते १४ दिवस’ येऊ शकतं. ते खोटं नाही, जागतिक आरोग्य संघटना तसंच सांगते. पण जुलाब तिसऱ्या दिवशी थांबलेले असतात, गोळी द्यायचा घरच्यांना कंटाळा आलेला असतो. अशा घरात ‘१० ते १४’ म्हणजे १०, तेही जमलं तर. लोहाच्या गोळीचं तसंच. गरोदर बाईच्या गोळीत पूर्वी १०० मिलिग्रॅम लोह असायचं, आता ६० असतं. जुने कागद इंटरनेटवर पडून आहेत, त्यामुळे जुना आकडा उत्तरात डोकावतो.

ओआरएसचं सरकारी पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं. दुकानात २०० मिलिलिटरचं छोटं पाकीटही मिळतं. टिपणात नुसतं ‘एक पाकीट पाण्यात घाला’ असेल तर मोठं पाकीट पेलाभर पाण्यात पडतं आणि बाळाच्या शरीरात मीठ जास्त जातं. पाकिटाचा शब्द आला की शेजारी पाण्याचं माप हवंच.

मग शब्द. एक छोटी चाचणी करून बघा. ‘तिच्या अंगावर जातंय’, ‘त्याच्या अंगावरून वारं गेलं’, ‘ती बाळाला अंगावर पाजते’ ही तीन वाक्यं एआयला देऊन अर्थ विचारा. पहिलं पाळीच्या वाटेनं जाणारं पांढरं किंवा लाल, दुसरा पक्षाघात, तिसरं स्तनपान. तिन्ही नीट ओळखली नाहीत, तर बायकांच्या तक्रारींवरचा मजकूर त्याच्याकडून घेऊच नका. उलट बाजूनंही बघा : टिपणात ‘अनन्य स्तनपान’ दिसलं तर त्याऐवजी ‘सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही’ असं लिहा. गावात हेच बोलतात.

प्रश्न : गटचर्चेला खऱ्या केसेस लागतात. नाव काढून नोंदवहीतली माहिती एआयला दिली तर चालेल ना? (तालुका समूह संघटक)

उत्तर : चालणार नाही. हजार वस्तीच्या गावात वर्षाला जेमतेम १५-२० बाळंतपणं होतात. ‘जुळी, सातव्या महिन्यात, आई माहेरी’ एवढं म्हटलं की घर कळलं, नाव हवंय कशाला? एचआयव्ही असेल तर २०१७ चा कायदा ओळख उघड करायला मनाई करतो. माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो तर मुळीच टाकू नका, त्यावर नाव, मोबाइल, नोंदणी क्रमांक सगळं असतं.

खऱ्या घरापासून सुरुवात करून खुणा पुसत बसण्यापेक्षा धड्यापासून सुरुवात करा. धडा कमी वजनाच्या बाळाचा असेल तर एआयला एवढंच द्या : ‘१९०० ग्रॅम, आशाची सातव्या दिवसाची गृहभेट, बाळ दूध नीट ओढत नाही, हातपाय गार.’ घर, माणसं, संवाद त्याला रचू द्या. चर्चेच्या कागदावर ‘काल्पनिक’ असं ठळक लिहा, नाहीतर ‘ही अमक्या वाडीतली का?’ हीच चर्चा होते.

प्रश्न : एआयला सासू करून आशांकडून समुपदेशनाचा सराव करून घ्यावा का?

उत्तर : जरूर. चारचौघींत चुकायची लाज वाटते, मोबाइलपुढे वाटत नाही. पण सूचना नीट दिली नाही तर ही सासू दुसऱ्याच वाक्याला ‘बरोबर आहे ताई’ म्हणून मोकळी होते. असं लिहा : ‘तू साठीची सासू आहेस. सून पहिलटकरीण. चीक पिळून टाकायचा हा तुझा हट्ट आहे. तुझ्या सासूनंही तेच केलं होतं. निदान पाच वेळा हरकत घे, प्रत्येक वेळी वेगळी.’ जात, जमात, पाडा यांचा उल्लेख नको. तो आला की एआय बाईला सरळ अडाणी करून टाकतं आणि आशा तोच समज घेऊन दारात उभी राहते. दहा मिनिटं पुरेत. त्यानंतर दोघीदोघींनी समोरासमोर बसून करायचं, कारण पदराआडून बघणारी सून मोबाइलमध्ये दिसत नाही.

प्रश्न : तोंडी परीक्षेचे गुण एआयनं दिले तर वेळ वाचेल का?

उत्तर : वेळ वाचेल, पण गुण बोलीवर पडतील. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणं यंत्रानं चुकीचं टिपलं तर बरोबर उत्तरही चूक ठरतं. प्रश्न काढायला एआय घ्या. गुण ऐकणाऱ्या माणसानं द्यावेत, आणि आवाज मुद्रित करणार असाल तर ते परीक्षेआधी आशांना सांगा. नको म्हणणारीची परीक्षा मुद्रणाशिवाय घ्या.