बाई दहा मिनिटं काय बोलल्या?

ताई,
नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षांपूर्वी आम्ही परदेशात आलो. देशाचं नाव कृपया छापू नका, इथे आपली माणसं मोजकी आहेत, लगेच ओळखतील. आलो तेव्हा कंपनी शाळेची फी देत नव्हती, म्हणून मुलीला घराजवळच्या सरकारी शाळेत घातलं. आता नवऱ्याला बढती मिळालीय, करार पाच वर्षांनी वाढलाय आणि आंतरराष्ट्रीय शाळेची फीसुद्धा मिळणार आहे. मुलगी अकरा वर्षांची आहे. आम्ही दोन शाळा पाहून आलो, एक आयबीची (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आणि एक केंब्रिजची, म्हणजे दोन वेगळ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या. नवऱ्याचं मत केंब्रिजला, कारण ठरलेला अभ्यासक्रम असतो, परीक्षा असतात, मुलांचं काय चाललंय ते कळतं. मला आयबीचं वातावरण आवडलं. महिनाभर घरात यावरूनच वाद चाललाय आणि महिनाअखेरीस अर्जाची मुदत संपते.
सध्याच्या शाळेबद्दल तशी तक्रार नाही, पण तिथे काय शिकवतात याचा आम्हाला पत्ता लागत नाही. तिच्या बाईही फारसं काही सांगत नाहीत. मागच्या पालकभेटीत चांगल्या दहा मिनिटं बोलत होत्या, पण त्यातून निघालं काय, तर 'ठीक चाललंय.' (भेटीत मुलगीच आमची दुभाषी असते, आम्हाला इथली भाषा अजून जमलेली नाही.) शिवाय इंग्रजी मागे पडेल ही धास्ती. मुलीला विचारलं तर म्हणते, 'तुम्हाला हवं ते करा.' तुम्हीच सांगा, आयबी की केंब्रिज?
— गोंधळलेली आई

तुमच्या मूळ पत्रात दोन्ही शाळांची तुलना दोन पानं भरून आहे. जागेअभावी ती इथे गाळली आहे. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वर्गातली मुलं, बसचा मार्ग, सगळं तुम्ही काळजीने टिपलंय. आणि एक वाक्य कंसात टाकलंय. मी त्या कंसापाशीच अडकले, तेव्हा त्याबद्दलच बोलते.

बाई दहा मिनिटं बोलल्या आणि तुमच्यापर्यंत दोन शब्द पोहोचले. मधे कोण होतं? अकरा वर्षांची तुमची लेक. तिच्याबद्दल, तिच्यादेखत तिच्या बाई बोलताहेत आणि ते आईवडिलांना तिनेच समजावून सांगायचंय. बाईंनी कौतुक केलं असेल तर ते स्वतःच्या तोंडाने सांगताना कुठलंही मूल संकोचेल. तक्रार असेल तर ती स्वतःहून कशाला सांगेल? आणि समजा बाई म्हणाल्या असतील की ही मधल्या सुट्टीत एकटी बसते, तर ते ऐकून आईचा चेहरा कसा उतरेल हे तुमच्या मुलीला बोलण्याआधीच दिसलं असणार. मग ती म्हणते, 'ठीक चाललंय.'

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. आलेली पत्रं मी वाचून दाखवायचे, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. एका पत्रात तिच्या बहिणीच्या आजारपणाच्या चार ओळी होत्या. मी त्या ओलांडल्या आणि पुढचं खुशालीचं वाचलं. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. आजी रडलेली मला बघवत नसे, एवढंच. तिला बहिणीचं दुखणं कळलं ते फार उशिरा, आणि त्या चार ओळी मी आजतागायत विसरलेले नाही. म्हणून तुमच्या मुलीवर खोटं बोलण्याचा आळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं. तिच्या हाती तुम्ही असं काम दिलंय, जे त्या वयाचं मूल प्रामाणिकपणे करूच शकत नाही.

आता माझा राग सांगते. त्या दोन शब्दांवरून तुम्ही बाईंची पारख केलीत. 'बाई फारसं सांगत नाहीत' असं तुम्ही लिहिता, आणि त्याच्याच पुढच्या वाक्यात त्या दहा मिनिटं बोलत होत्या असंही लिहिता! बाईंनी सांगितलं. तुम्हाला ऐकता आलं नाही. हा दोष शाळेचा नाही, आणि शाळा बदलल्याने तो जाणारही नाही, फक्त झाकला जाईल. नव्या शाळेत सूचना इंग्रजीत येतील, बाई इंग्रजीत बोलतील, बाकीचे पालकही तुमच्यासारखेच बाहेरून आलेले असतील. तुम्हाला हायसं वाटेल. तुमचा नवरा केंब्रिजच्या बाजूने जे कारण देतो ते पुन्हा वाचा: काय चाललंय ते कळतं. आणि आताच्या शाळेबद्दल तुमची तक्रार काय, तर तिथे काय चाललंय ते कळत नाही. महिनाभर तुम्ही भांडताय खरं, पण दोघांचं मागणं एकच आहे. तुम्हा दोघांना समजेल अशी शाळा हवीय. मुलीला ती शाळा समजते की नाही, हा प्रश्न पत्रात कुठेच आलेला नाही.

आणि शाळा समजण्याच्या बाबतीत तुमची मुलगी नेमक्या नाजूक टप्प्यावर आहे. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला, आणि परक्या भाषेत शिकणाऱ्या मुलांच्या शिक्षकांना तो आजही उपयोगी पडतो. खेळताना, भांडताना, दुकानात लागणारी भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. पण इतिहासाचा धडा वाचून त्यावर आपलं म्हणणं लिहायचं, गणितातलं शाब्दिक उदाहरण उलगडायचं, त्यासाठी लागणारी अभ्यासाची भाषा वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं जातात. तुमच्या मुलीला तीन झालीत. म्हणजे सर्वांत कठीण काळ तिने काढला. काहीच कळत नसताना वर्गात बसून राहण्याचे दिवस, इतर हसले की आपणही हसण्याचे दिवस, ते तिने एकटीने निभावले, कारण घरी तिला मदत करू शकेल असं कुणी नव्हतं. आता कुठे तिच्या हाती फळ यायला लागलंय, आणि तुम्ही तिला दुसऱ्या बागेत नेऊन लावायचं म्हणताय.

'पण पुढे काय?' असं तुम्ही म्हणाल. पुढचं एवढं अवघड नाही. आयबीची सुरुवात १९६८ साली जिनिव्हात झाली. ज्यांचे आईवडील आंतरराष्ट्रीय संस्थांत किंवा वकिलातींत काम करतात आणि ज्यांना सारखे देश बदलावे लागतात, अशा मुलांना अनेक देशांतल्या विद्यापीठांत चालेल अशी एक परीक्षा हवी होती. त्या मुलांची अडचण खरी होती. पुढच्या वर्षी कुठे असू हे त्यांना ठाऊक नसे. तुम्हाला ठाऊक आहे. पाच वर्षांचा करार तुमच्या हातात आहे. पाच वर्षांनी ती सोळाची होईल, आणि आयबीचा शेवटचा, विद्यापीठाचं दार उघडणारा दोन वर्षांचा डिप्लोमा सुरू होतो तोच मुळी सोळाच्या सुमारास. केंब्रिजचा ए लेव्हल, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखा टप्पा, तोही त्याच वयाला. त्या टप्प्यावर स्थानिक शाळांतून मुलं येतात. प्रवेशाची अट प्रत्येक शाळेची वेगळी, ती आधी विचारून ठेवा. उलट मधेच, चौदा ते सोळाच्या दरम्यान आयजीसीएसईच्या, म्हणजे केंब्रिजच्या दहावीसारख्या परीक्षेच्या दोन वर्षांत बदल करणं मुलांना जड जातं, कारण तो अभ्यासक्रम सलग दोन वर्षांचा असतो. तेव्हा सोळापर्यंत थांबल्याने दार बंद होत नाही. ते तिच्यासाठी त्याच वेळी उघडणार आहे.

शिवाय तोवर तिच्याकडे असं काही असेल जे त्या शाळेतल्या बऱ्याच मुलांकडे नसतं. डिप्लोमाच्या सहा विषयांपैकी दोन भाषा अस्सल साहित्याच्या पातळीवर घेतल्या आणि दोन्हींत ठरावीक श्रेणी मिळवली, तर द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. इथली भाषा आणि इंग्रजी! आज तुम्हाला जी भाषा भिंतीसारखी वाटतेय, ती तिची मोठी जमा ठरेल. इंग्रजीची धास्ती मला कळते, पण ती शाळा न बदलता भागवता येते. रोज इंग्रजी वाचायला द्या, आठवड्यातून एकदा लिहून घ्या, हवी तर शिकवणी लावा. तुम्हा दोघांना इंग्रजी येतं. म्हणजे या एका बाबतीत तिला घरून मदत मिळू शकते, तिथे तरी ती द्या.

आंतरराष्ट्रीय शाळा वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. दर दोन वर्षांनी गाठोडं बांधणाऱ्या कुटुंबाला त्या मोठा आधार असतात, आणि तुमची बदली पुढच्या वर्षी होणार असती तर मी स्वतःच म्हटलं असतं, आजच अर्ज भरा. पण तिथली मुलंही बदल्यांवर येतात-जातात आणि अनेक शिक्षक दोन वर्षांच्या करारावर असतात. दर वर्षाच्या शेवटी कुणाचा ना कुणाचा निरोप. तुम्ही पाच वर्षं एका जागी राहणार, आणि मुलीला मात्र सारख्या निघून जाणाऱ्यांच्यात नेऊन बसवणार, याचा विचार दोन पानांच्या तुलनेत कुठे दिसला नाही.

तेव्हा आयबी की केंब्रिज, याचं उत्तर मी देणार नाही. महिनाअखेरचे दोन्ही अर्ज भरू नका.

त्याऐवजी या आठवड्यात बाईंची वेळ मागा. मुलीला न घेता जा, तुम्ही दोघं जा. मोठा माणूस दुभाषी म्हणून न्या. शाळेला आधी सांगितलं तर अनेक ठिकाणी शाळाच दुभाष्याची व्यवस्था करते, नाही तर नवऱ्याच्या कचेरीतल्या कुणाला तरी गळ घाला. वेळ ठरवायला फोनवरचं भाषांतर चालेल, पण समोरासमोरच्या बोलण्याला माणूसच हवा. बाईंना सर्वांत आधी विचारा, मागच्या भेटीत तुम्ही काय सांगत होतात? मग विचारा, ही कुणाशेजारी बसते, हात वर करते का, न समजलेलं विचारते का, वाचनात वर्गाच्या कुठे आहे, आणि शाळा सोडली तर ती कुणाला मुकेल? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात एक जरी नाव आलं, तर ते लिहून घ्या. बाई म्हणाल्या की ती खरोखर कोमेजून चाललीय, तर मला परत लिहा. मग शाळांचं बोलू, आणि मी माझा शब्द मागे घेईन. पण तीन वर्षांत परकी भाषा शिकून आईबापांचं तोंड झालेली पोर कोमेजलेली असेल असं मला वाटत नाही. दमलेली मात्र नक्की असेल.

पत्रात नाही, तरी मी पैजेवर सांगते, की डॉक्टरांकडे, घरमालकाच्या फोनवर, सरकारी कागद आला की, प्रत्येक वेळी हाक तिलाच जाते. 'तुम्हाला हवं ते करा' हे वाक्य कुठून आलं ते बघा. तुमच्या वतीने बोलता बोलता स्वतःच्या वतीने बोलायचं ती विसरत चाललीय. तीन वर्षं हा थोडा काळ नाही. ज्या फीची सोय आता झालीय ती तुमच्या हातात येणारी नाही हे मला माहीत आहे, पण मोठ्यांसाठीचा भाषेचा वर्ग त्या फीच्या मानाने फारच स्वस्त असतो. दोघांनी नाव घाला. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. ती घरी बसून तुमचा गृहपाठ तपासेल, आणि तुमच्या चुकांना हसेल. हसू द्या.

आणि बाईंना भेटून घरी आलात, की तिला समोर बसवा आणि बाई काय काय म्हणाल्या ते तुम्ही तिला सांगा. मराठीत, सावकाश, एकही वाक्य न गाळता.