मटकीला मोड, रिकाम्या बरणीत

प्रश्न: ताई, आम्ही इंदूरला राहतो, मटकी भिजवून स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून ठेवते पण दुसऱ्या दिवशी चिकट होते अन् वास मारतो. स्प्राउट मेकर घ्यावाच लागेल का?

उत्तर: अजिबात नको हो! जॅमची रिकामी काचेची बरणी घ्या, तोंडाला जुन्या मलमलच्या ओढणीचा धुतलेला तुकडा अन् रबरबँड, झालं. मटकी आठ तास भिजवा, पाणी पूर्ण काढा आणि बरणी वाडग्यात तिरकी उपडी ठेवा म्हणजे उरलेलं पाणी निथळत राहतं अन् हवाही लागते, तुमच्या डब्यात नेमकं हेच होत नाहीये, पाणी तळाशी साचतं. सकाळ-संध्याकाळ कपड्यावरूनच पाणी घालून खळखळून ओता. बरणी अर्धीसुद्धा भरू नका, मोड आले की मटकी खूप फुगते.

थंडीत आपल्याकडे रात्री फार गार पडतं, तेव्हा कोमट पाण्यात भिजवा अन् बरणी टॉवेलात गुंडाळा, एखादा दिवस जास्त लागतो. मुळांवर पांढरी लव दिसली तर लगेच फेकू नका, धुतल्यावर दबून बसली तर ती मुळांचीच, बुरशी नव्हे. वास आला, चिकट झाली तर मात्र टाकूनच द्या. आणि मुलांना कच्ची नको, वाफवूनच द्या.