‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (1968) हा वेस्टर्न चित्रपट सुरू होतो तेव्हा स्टेशनवर काहीच घडत नसतं, तरी ताण का जाणवतो? कॅमेरा नेमकं काय करतो?

अगदी जवळचा चेहरा आणि अगदी दूरचं माळरान यांत कॅमेरा उड्या मारतो आणि मधलं अंतर बहुतेक गाळतो. ताण तिथून येतो. गाडीची वाट पाहणाऱ्या बंदूकधाऱ्यांपैकी जॅक एलम या नटाच्या दाढीवर माशी फिरते, वुडी स्ट्रोड या नटाच्या टोपीवर पाणी ठिबकतं, आणि शॉट काही केल्या कट होत नाही. गाडी येते, जाते, आणि ती सरकल्यावरच रुळांपलीकडे उभा माणूस दिसतो. म्हणजे पडदा उघडायचं काम गाडीच करते! हे जमलं ते ‘टेक्निस्कोप’ या चित्रीकरण पद्धतीमुळेही: चित्र आडवं न दाबणाऱ्या साध्या लेन्सवर रुंद चौकट मिळायची, त्यामुळे कॅमेरा चेहऱ्याच्या बराच जवळ नेता यायचा आणि मागचंही बऱ्यापैकी स्पष्ट राहायचं. विश्लेषण लिहिताना प्रत्येक शॉटपुढे तीनच गोष्टी टिपा:

- चौकटीत चेहरा किती
- शॉट किती सेकंद टिकला
- कट कशावर झाला

फक्त सगळं श्रेय कॅमेऱ्याला देऊ नका. इथे पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, करकरणारी पवनचक्की आहे. एकदा आवाज बंद करून पाहा, अर्धा ताण उतरतो.